हरवलेलं गाणं शोधताना: नव्वदच्या दशकातल्या पॉपगाण्यांसाठी वाटाड्या

कित्येक वर्षं माझ्याकडे एका गाण्याचे फक्त चार तुकडे होते. पावसाचं काहीतरी वर्णन, बाईचा भरदार, बैठकीच्या गाण्यातला आवाज, टीव्हीच्या कोपऱ्यात चमकणारं वाहिनीचं चिन्ह, आणि स्वयंपाकघरातून आईचं "आवाज कमी करा गं" असं ओरडणं. बस, एवढंच. मी ते गाणं हिंदी चित्रपटांत शोधत राहिले. पावसाच्या गाण्यांच्या सगळ्या याद्या पालथ्या घातल्या. सापडेना, कारण ते चित्रपटातलं नव्हतंच. शुभा मुद्गल यांचं ते 'अब के सावन', १९९९ सालच्या त्याच नावाच्या अल्बममधलं. ते मला दादाच्या एका जुन्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला सापडलं. ती कॅसेट कशी दुरुस्त केली, ते पुढे येईलच.

त्या शोधात मी बऱ्याच चुका केल्या आणि त्यातून एक पद्धत बसत गेली. त्यानंतर तिच्या जोरावर स्वतःची आणि घरच्यांची बरीच गाणी शोधून काढली. तीच इथे क्रमाने मांडते. उदाहरणं १९८० ते २००३ या काळातल्या हिंदी-मराठी बिगरफिल्मी गाण्यांची आहेत. माझं तरुणपण त्यांच्यावर गेलं, आणि सगळ्यात जास्त हरवली तीही हीच गाणी.

आधी कागद, मग फोन

गाणं आठवलं की हात लगेच फोनकडे जातो. थोडं थांबा. दहा मिनिटं कागद-पेन घेऊन बसा. कारण साधं आहे: शोधायला लागलात की दहा दुसरी गाणी कानावर पडतात आणि तुमची मूळ चाल त्यांच्यात मिसळून जाते. माझं तसंच झालं होतं. तिसऱ्या दिवशी मी जी चाल गुणगुणत होते, ती अर्धी दुसऱ्याच गाण्याची होती.

म्हणून पहिलं काम, चाल जशी आठवते तशी फोनच्या रेकॉर्डरवर गुणगुणून ठेवा. सूर चुकला तरी चालेल. मग लिहा. आठवणारे शब्द, अगदी अर्थहीन वाटले तरी, कानाला ऐकू आले तसेच. आवाज बाईचा की पुरुषाचा, एकट्याचा की समूहाचा. सुरुवातीला काय वाजतं: गिटार, बासरी, तबला, की नुसता ठेका. मध्ये कुणी बोलतं का. व्हिडिओ पाहिला असेल तर त्यात काय दिसत होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तेव्हा तुम्ही कुठे होता आणि गाणं कशातून ऐकू येत होतं.

हे शेवटचं अनेकजण सोडून देतात, पण सालाचा अंदाज त्यावरूनच बांधता येतो. दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर पाहिलं असेल तर शोध नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धापासून सुरू करा. चॅनल व्ही ही गाण्यांची वाहिनी भारतात आली १९९४ मध्ये. एमटीव्ही आधी स्टार टीव्हीबरोबर आलं होतं, मग गेलं आणि १९९६ मध्ये स्वतंत्रपणे परतलं. कुणाच्या मोबाइलची रिंगटोन म्हणून आठवत असेल, तर दोन हजार साल उलटून गेलेलं होतं. इयत्ता आठवली तरी पुरे. "दहावीच्या सुट्टीत" एवढ्यावरून वर्ष निघतं आणि त्याच्या मागेपुढे दोन वर्षं धरली की शोधाचा परीघ पाच वर्षांवर येतो.

गुणगुणून शोधताना

आता फोन घ्या. इथे दोन वेगळ्या सोयी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

शझाम हे ॲप मूळ रेकॉर्डिंग ओळखतं. आवाजाच्या आलेखातले ठळक बिंदू टिपून त्यांचा एक ठसा तयार होतो आणि तो साठ्यातल्या ठशांशी ताडून पाहिला जातो. म्हणून रिक्षात, लग्नाच्या मांडवात किंवा सलूनमध्ये गाणं प्रत्यक्ष वाजत असेल तेव्हा ते कामाचं. तुम्ही गायलात तर त्याला काही कळणार नाही, कितीही सुरात गायलात तरी.

गुणगुणणं ओळखण्याची सोय गुगलच्या ॲपमध्ये ऑक्टोबर २०२० पासून आहे. माइकवर बोट ठेवून गाणं शोधायला सांगायचं आणि १० ते १५ सेकंद गुणगुणायचं. साउंडहाउंड हे ॲपही गुणगुणणं ओळखतं. इथे यंत्र शब्दांकडे पाहत नाही, स्वर वर कसे गेले आणि खाली कसे आले एवढंच पाहतं. म्हणून काही गोष्टी सांभाळा:

- मुखडा गुणगुणा, अंतरा नको. अंतऱ्याची चाल आपल्याला अर्धवटच आठवत असते.
- शब्दांऐवजी "ना ना ना" म्हणा किंवा शीळ घाला.
- हरकती, मुरक्या गाळा. सरळ स्वर घ्या. हे मला फार उशिरा उमगलं. मी प्रत्येक वेळी आलापासकट गात होते.
- लय मध्येच सोडू नका. पायाने ठेका धरा.
- घरात हार्मोनियम किंवा कीबोर्ड असेल आणि थोडंफार वाजवता येत असेल, तर एकेका बोटाने चाल वाजवून ऐकवा. त्याचे स्वर गळ्यापेक्षा स्थिर असतात.

एकदा नाही जमलं तर वेगळ्या पट्टीत, मग वेगळ्या लयीत करून पाहा. समोर यादी आली की पहिल्याच नावावर थांबू नका, खालची दोन-तीनही ऐका.

गाण्यातला बोललेला भाग आठवत असेल, तर मात्र गुणगुणण्याचा काही उपयोग नाही. गायक मिलिंद इंगळे आणि कवी सौमित्र यांचा 'गारवा' हा अल्बम घ्या. त्यात गाण्याआधी सौमित्र यांच्या आवाजात कविता येते, आणि माझ्या ओळखीतल्या कित्येकांना गाण्याआधी ती कविताच आठवते. तिला चाल नाही. तिथे शब्दांनीच शोधावं लागतं.

शब्दांनी शोधताना

तुमच्याकडे असलेल्या शब्दांतला सगळ्यात दुर्मिळ शब्द निवडा. दिल, प्यार, सावन, सजणा, चांदणं हे शब्द हजारो गाण्यांत आहेत, त्यांनी काही हाती लागत नाही. पण 'मंजीरे' हा एक शब्द आठवला, तर शुभा मुद्गल यांचं 'मन के मंजीरे' लगेच समोर येतं. गावाचं नाव, फळाचं नाव, एखादं अनोळखी क्रियापद, दोनदा म्हटलेला विचित्र शब्द, असं काहीतरी धरा.

एकच शब्द देवनागरीतही टाका आणि रोमन लिपीतही, दोन-तीन प्रकारे. जुनी गाणी इंटरनेटवर चढवणाऱ्यांनी स्पेलिंग आपापल्या कानाने केलेलं असतं. 'आँखें' हा एकच शब्द मी चार वेगवेगळ्या स्पेलिंगने लिहिलेला पाहिला आहे. दोन शब्द लागोपाठ आहेत याची खात्री असेल तर ते अवतरणचिन्हांत घाला. यूट्यूबवर शोधताना "अल्बम", "इंडीपॉप" (या बिगरफिल्मी पॉपगाण्यांचं तेव्हाचं नाव) किंवा "कॅसेट" असा शब्द जोडा, नाहीतर चित्रपटगीतांचा पूर येतो.

शब्द चुकीचे ऐकलेले असणार हे गृहीतच धरा. लहानपणी आपण हिंदी ओळींना मराठी शब्द लावत होतो, मराठीला आणखी काही. म्हणून आठवणारी ओळ मोठ्याने, भराभर म्हणा आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारा, "तुला काय ऐकू आलं?" त्याने सांगितलेले शब्दही टाकून पाहा.

आता अनेकजण थेट चॅटबॉटला विचारतात. विचारा, पण त्याने दिलेलं गाण्याचं, गायकाचं आणि वर्षाचं नाव प्रत्यक्ष ऐकून पडताळल्याशिवाय खरं मानू नका. कधीच न झालेल्या अल्बमचं नावही तो तितक्याच खात्रीने सांगतो.

चुकीच्या कप्प्यात शोधू नका

माझी सगळ्यात मोठी चूक हीच होती, म्हणून इथे जरा रेंगाळते.

आपल्याकडे हिंदी गाणं म्हणजे चित्रपटाचं, असा मनाचा कल असतो. चित्रपटगीतांची नोंद चांगली आहे: चित्रपट, साल, गीतकार, संगीतकार सगळं मिळतं. बिगरफिल्मी गाण्यांची नोंद तशी नाही. कंपन्या बंद झाल्या, विकल्या गेल्या, हक्क इकडून तिकडे गेले. मॅग्नासाउंड, प्लस म्युझिक, बीएमजी क्रेसेंडो, ही नावं तेव्हा कॅसेटच्या कडेवर सतत दिसायची, आज नव्या पिढीला ठाऊकही नाहीत. त्यामुळे गाणं कुठल्या कप्प्यात आहे, ते आधी ठरवायला हवं.

एक ढोबळ वंशावळ डोक्यात ठेवा. १९८१ मध्ये नाझिया आणि झोहेब हसन यांचा 'डिस्को दीवाने' हा अल्बम आला, संगीत बिद्दू यांचं. १९९२ मध्ये बाबा सेहगलचा 'ठंडा ठंडा पानी'. १९९५ मध्ये पुन्हा बिद्दू, या वेळी अलिशा चिनॉयबरोबर 'मेड इन इंडिया', आणि त्याच वर्षी दलेर मेहंदीचा 'बोलो तारा रा'. १९९६ मध्ये लकी अलीचा 'सुनो', आणि हरिहरन व लेस्ली लुईस यांचा 'कलोनियल कझिन्स'. १९९८ मध्ये युफोरियाचा 'धूम' आणि सिल्क रूटचा 'बूंदें'. १९९९ मध्ये केके यांचा 'पल'. २००० मध्ये सुलतान खाँ आणि चित्रा यांचा 'पिया बसंती'. तुमचं गाणं यांतल्या एखाद्या नावाच्या आसपासचं वाटलं, तर त्याच वर्षाच्या, त्याच कंपनीच्या इतर कॅसेट पाहायला सुरुवात करा.

हे पाहायला डिस्कॉग्ज ही जागा फार उपयोगी आहे. २००० साली सुरू झालेल्या या संकेतस्थळावर जगभरचे संग्राहक आपल्याकडच्या तबकड्या, कॅसेट आणि सीडी नोंदवतात, मुखपृष्ठ, गाण्यांची यादी आणि कंपनीचा क्रमांक यांसकट. तिथे कंपनीचं नाव आणि वर्ष टाकून मुखपृष्ठं बघत बसा. शब्द आठवत नसले तरी मुखपृष्ठ पाहून "हीच ती!" असं अनेकदा होतं, कारण ती कॅसेट आपण दुकानाच्या काचेआड रोज पाहिलेली असते.

आणि एक युक्ती: गायकाचा माग सुटला तर संगीतकाराचा धरा. लेस्ली लुईस हे नाव घ्या. 'कलोनियल कझिन्स' तर त्यांचं आहेच. आशा भोसले यांच्या 'जानम समझा करो'चं संगीत त्यांचं, केके यांच्या 'पल'चंही त्यांचंच. एका माणसामागे गेलं तर तीन वेगळ्या आवाजांतली गाणी हाती येतात, आणि त्यांच्यातली गिटार ऐकली की नातं लगेच कळतं.

काही गाणी मात्र या मोठ्या कंपन्यांच्या वाटेला गेलीच नाहीत. गोव्यात रेमो फर्नांडिस यांनी १९८४ चा 'गोवन क्रेझी' शिवोलीच्या आपल्या घरी चार ट्रॅकच्या यंत्रावर रेकॉर्ड केला आणि कॅसेट स्कूटरवरून स्वतः दुकानांत पोचवल्या. रेमो पुढे देशभर गाजले म्हणून ती हकिगत आज माहीत आहे. अशा घरगुती किंवा जिल्ह्यापुरत्या कॅसेट महाराष्ट्रातही निघाल्या: कोळीगीतांच्या, ऑर्केस्ट्राच्या, कॉलेजातल्या बँडच्या. त्या शोधायच्या तर फोन बाजूला ठेवून माणसांकडेच जावं लागतं.

माणसांना कसं विचारायचं

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर "ते पावसाचं गाणं कोणतं गं?" असं विचारलं तर वीस उत्तरं येतील आणि वीसही चुकीची. त्याऐवजी सुरुवातीला रेकॉर्ड केलेलं गुणगुणणं पाठवा. सोबत फक्त काळ आणि जागा लिहा: "साधारण ९९, कऱ्हाडचं जुनं घर, केबल." आपला अंदाज सांगू नका. एकदा नाव सुचवलं की सगळ्यांना तेच ऐकू यायला लागतं.

तुमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या माणसांना आधी विचारा. मावसभाऊ, आत्तेबहीण, शेजारचा दादा. कॅसेट विकत घ्यायचे पैसे त्यांच्याकडे होते; आपण फक्त ऐकत होतो. आणि गावातला कॅसेटवाला अजून असेल, मोबाइलच्या दुकानात बसत असेल, तर त्याच्याकडे नक्की जा. तो आपल्या तोंडून फक्त ठेका ऐकून कॅसेटचा रंग सांगतो.

माळ्यावरची पेटी

दादाने ९९-२००० च्या सुमारास एसटी स्टँडसमोरच्या दुकानातून बऱ्याच कॅसेट भरून आणल्या होत्या. ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते: आपण वहीच्या पानावर गाण्यांची यादी करून द्यायची, दुकानदार कोऱ्या कॅसेटवर ती भरून द्यायचा, दोन दिवसांनी आणायला जायचं. या भरलेल्या कॅसेट हा आपला खरा खजिना आहे. आपल्या आवडीची अख्खी यादी तारखेसकट त्यांच्यावर असते.

अशी पेटी सापडली तर आधी कार्डं वाचा. आमच्या कॅसेटच्या कार्डावर दादाच्या तिरक्या अक्षरात दुसऱ्या बाजूच्या चौथ्या ओळीवर लिहिलं होतं: "सावन – शुभा". एवढी वर्षं मी जे शोधत होते ते असं निळ्या बॉलपेनने लिहून माळ्यावर पडलं होतं.

पण कॅसेट लगेच डेकमध्ये, म्हणजे कॅसेट वाजवायच्या यंत्रात, घालू नका. आधी उजेडात धरून रिळाकडे पाहा. पांढुरकी बुरशी दिसली तर ती वाजवू नका, डेकमधला रीळ वाचणारा भाग, म्हणजे हेड, खराब होईल आणि त्यावरून बुरशी पुढच्या कॅसेटना लागेल. कोकणात आणि मुंबईत हा प्रकार फार. बुरशीचं काम जाणकारावर सोपवा.

रीळ स्वच्छ असेल तर पुढच्या खिडकीच्या मधोमध पाहा. तिथे पितळी पातळ पट्टीवर नखाएवढा फेल्टचा तुकडा असतो. तो रिळाला हेडवर दाबून धरतो. पंचवीस वर्षांत त्याचा गोंद सुकतो आणि तो गळून पडतो. मग आवाज दबलेला, दूरून आल्यासारखा येतो आणि आपण म्हणतो, कॅसेट गेली. ती गेलेली नसते. आमच्या कॅसेटचा तो तुकडा डबीच्या तळाशीच सापडला. चिमट्याने धरून अगदी थेंबभर गोंद लावून बसवला, रात्रभर वाळू दिला. तुकडा हरवला असेल तर पाच स्क्रूंची दुसरी, कामातून गेलेली कॅसेट उघडा आणि आपलं रीळ दोन्ही चक्रांसकट तिच्या खोक्यात ठेवा. हे टेबलावर पांढरा कपडा अंथरून, पंखा बंद करून करा.

डेकही तयार हवा. हेड आणि धातूचा खांब आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, काडी तपकिरी येणं थांबेपर्यंत. रबरी चाकाला अल्कोहोल नको, ओलसर कापडाने पुसा. आवाज हेलकावे खात असेल तर बहुधा आतला पट्टा सैल झालाय, तो बदलून घ्या. कॅसेटचा ठरलेला वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर असतो, आणि तो ढळला तर सूरही ढळतो. अशा ढळलेल्या आवाजावर शझामही चालत नाही, कारण ठसा जुळत नाही.

वाजवण्याआधी पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे एकदा फिरवून घ्या, पेन्सिलीने किंवा डेकने. वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटलेले रिळाचे वेढे सुटतात.

कॉम्प्युटरवर घेताना डेकच्या लाइन-आउटमधून, ते नसेल तर हेडफोनच्या भोकातून, यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये (आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या छोट्या डबीत) वायर जोडा. लॅपटॉपचं नुसतं माइकचं भोक सहसा मोनो असतं, त्याने काम बिघडतं. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं आणि पुरेसं आहे. स्टिरिओ, ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट ठेवा. सर्वात मोठ्या आवाजालाही मीटर उणे सहा डेसिबलच्या पुढे जाऊ देऊ नका. एका तासाला साधारण ६३५ मेगाबाइट लागतात. नंतर फ्लॅक या प्रकारच्या फाइलमध्ये बदललं तर बरीच जागा वाचते आणि आवाजात काही गळत नाही. खरखर काढायची घाई करू नका. मूळ रेकॉर्डिंग जसंच्या तसं ठेवा, सफाई त्याच्या प्रतीवर करा.

सापडलेलं गाणं तेच आहे ना?

नाव कळलं, ॲपवर शोधलं, लावलं, आणि काहीतरी खटकलं, असं झालं तर स्वतःच्या कानावर विश्वास ठेवा. एकाच गाण्याची मूळ आवृत्ती, नव्याने गायलेली, रिमिक्स, संथ केलेली, अशा अनेक आवृत्त्या एकाच नावाने असतात. गाण्याची लांबी पाहा, कंपनीचं नाव आणि वर्ष पाहा. मूळ १९९८ चं असताना समोर २०१९ दिसत असेल, तर आधी सुरुवातीची वाद्यं ताडून पाहा, कारण कधीकधी ते फक्त ॲपवर चढवल्याचं वर्ष असतं.

उलटही होतं. तुम्हाला आठवणारी आवृत्तीच रिमिक्स असू शकते. 'कांटा लगा' हे १९७२ च्या 'समाधी'मधलं लता मंगेशकर यांचं गाणं. पण २००२ मध्ये ज्यांनी ते पाहिलं-ऐकलं, त्यांच्या मनात रिमिक्सच बसलंय. त्यांनी रिमिक्सच शोधावं. तुमच्या तरुणपणात जे वाजत होतं, तेच तुमचं गाणं.

भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो. म्हणजे या लेखातली जवळजवळ सगळी गाणी अजून हक्काखाली आहेत. घरच्या कॅसेटची प्रत स्वतःला ऐकायला ठेवा. यूट्यूबवर चढवू नका. अधिकृत आवृत्ती मिळत असेल तर तीच ऐका, त्यातून हक्कदारांपर्यंत काहीतरी पोचतं.

फाइलचं नाव नीट द्या: गाणं, गायक, अल्बम, साल, आणि शेवटी कॅसेट कुणाची. मी "दादा, बाजू दोन" असं लिहिते. प्रत दोन ठिकाणी ठेवा. कार्डाचा, हस्ताक्षरासकट, फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका. आणि कॅसेट परत ठेवताना रीळ एका बाजूला पूर्ण गुंडाळून, डबीत घालून, उभी ठेवा, स्पीकरपासून लांब, कोरड्या कपाटात.